घर आमचं, कागदावर नाव बँकेचं?

वाचकाचं पत्र

मी ४१ वर्षांची, नवरा ४४चा. तेरा वर्षं झाली, आम्ही सॅन डिएगोजवळ चुला व्हिस्टाला राहतो. दोघांकडे ग्रीन कार्ड आहे, पासपोर्ट भारताचेच. इथं घर घेणं आता आमच्या आवाक्यात राहिलेलं नाही. म्हणून हद्दीपलीकडे मेक्सिकोत, रोसारितोला, समुद्रासमोरचा दोन बेडरूमचा फ्लॅट बघून आलो. किंमत २,६०,००० डॉलर, इमारत पुढच्या वर्षी पूर्ण होईल म्हणतात. एजंट म्हणाला, समुद्रकाठची जागा परदेशी माणसाच्या नावावर होत नाही. ती बँकेच्या नावावर होते आणि आपण ट्रस्टचे लाभार्थी. तेही पन्नास वर्षांसाठी.

बाबा पुण्यात असतात, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत. त्यांना हे सांगितलं तर म्हणाले, ‘पैसे तू द्यायचे आणि मालक बँक? याला घर घेणं म्हणत नाहीत, पन्नास वर्षांचं भाडं आगाऊ भरणं म्हणतात.’ धायरीचा प्लॉट विकून आलेल्या पैशातले ४० लाख ते मला द्यायला तयार आहेत, पण अट अशी की कागदावर त्यांचंही नाव पाहिजे. नवऱ्याच्या ऑफिसातला मेक्सिकन सहकारी म्हणतो, बँकेला कशाला दरवर्षी पैसे भरता, माझ्या भावाच्या नावावर घ्या, आपसांत लिहून ठेवू. आणि त्याच एजंटने किनाऱ्यालगतचा एक मोकळा प्लॉटही दाखवला, अर्ध्या किमतीत. तिथे म्हणे बँकेची भानगडच नाही. मी पार गोंधळले आहे. काय करू?

— च., चुला व्हिस्टा

उत्तर

तुमच्या बाबांचा राग मला पहिल्याच वाचनात कळला. आपल्याकडे घर म्हणजे नाव. सातबाऱ्यावर, प्रॉपर्टी कार्डावर, निदान सोसायटीच्या भागपत्रावर तरी आपलं नाव असल्याशिवाय माणसाला रात्री झोप लागत नाही. पण आमच्या कोकणातल्या घराचं सांगते. सातबाऱ्यावर चौदा नावं आहेत, त्यात एक माझं. त्या घरात मला एक खुंटीसुद्धा ठोकता येत नाही, विकायचं तर तेरा सह्या लागतात, आणि त्यातल्या दोघांचा पत्ता कुणालाच ठाऊक नाही. नाव आहे, हक्क नाही. मेक्सिकोच्या किनाऱ्यावर बरोबर उलटं आहे. तिथं तुमचं नाव मालकाच्या रकान्यात नसतं, पण हक्क सगळे असतात. बाबांना आधी एवढंच सांगा, बाकीचं पुढे येतंच आहे.

या व्यवस्थेला तिकडे ‘फिदेइकोमिसो’ म्हणतात. हा एजंटने काढलेला शब्द नाही, त्यामागे मेक्सिकोची राज्यघटना आहे. १९१७च्या घटनेच्या २७व्या कलमात लिहिलंय की समुद्रकिनाऱ्यापासून ५० किलोमीटर आणि देशाच्या सरहद्दीपासून १०० किलोमीटरच्या पट्ट्यात परदेशी माणसाला जमिनीची थेट मालकी घेता येणार नाही. रोसारितो दोन्हीत बसतं. कानकून, लोस काबोस, पुएर्तो वायार्ता हेही त्याच पट्ट्यात. समुद्र दिसत नसूनही युकातानमधलं मेरिदा शहर त्यात येतं, हे अनेकांना घर बघायला गेल्यावर कळतं. मेक्सिको सिटी किंवा सान मिगेल दे आयेंदेसारख्या आतल्या शहरांत मात्र परदेशी माणूस थेट आपल्या नावावर घर घेऊ शकतो.

हा पट्टा आला कुठून? १८२०च्या दशकात मेक्सिकोने टेक्सासमध्ये अमेरिकी वसाहतकऱ्यांना जमिनी देऊन बोलावून वसवलं. आपल्याकडे चंचुप्रवेशे मुसळप्रवेश म्हणतात, त्याचं याहून सरळ उदाहरण शोधून सापडणार नाही. १८३६ मध्ये त्याच लोकांनी टेक्सास स्वतंत्र झाल्याचं जाहीर केलं, १८४५ मध्ये तो अमेरिकेत गेला, मग युद्ध झालं आणि १८४८च्या ग्वादालूपे इदाल्गोच्या तहाने कॅलिफोर्नियासकट मोठा मुलूख मेक्सिकोच्या हातून सुटला. टेक्सास धरून हिशेब केला तर निम्म्याहून जास्त देश गेला. तुम्ही ज्या चुला व्हिस्टात बसून मला पत्र लिहिलंत, ती जमीनसुद्धा त्याच तहात गेलेली. तेव्हा किनाऱ्यावर आणि सरहद्दीवर परक्याच्या नावाने दस्त होऊ द्यायचा नाही, ही त्यांची खोड नाही, पोळलेल्या तोंडाची सवय आहे. आणि आपण तरी काय वेगळं करतो? महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्या भारतीयालासुद्धा परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही, कुळकायद्याचं ६३वं कलम आडवं येतं.

पुढे त्यांना पर्यटन हवं झालं. कानकून उभं करायचं होतं, डॉलर हवे होते, आणि घटनेला हात लावायची कुणाची तयारी नव्हती. मग १९७१ मध्ये राष्ट्राध्यक्ष लुईस एचेव्हेरिया यांच्या काळात मार्ग निघाला : जमिनीची मालकी मेक्सिकन बँकेकडे, उपभोग परदेशी माणसाकडे, मुदत ३० वर्षं. १९९३च्या परकीय गुंतवणूक कायद्याने ही मुदत ५० वर्षं केली आणि पुढे वाढवून घेण्याची सोय ठेवली. पन्नास वर्षांनी बँक येऊन कुलूप लावते, ही बाबांची कल्पना म्हणून चुकीची आहे. मुदत संपण्याआधी अर्ज करून नूतनीकरण करता येतं. शिवाय तुम्ही मध्येच विकलंत, तर नवा परदेशी खरेदीदार स्वतःचा नवा ट्रस्ट करू शकतो किंवा तुमच्या चालू ट्रस्टमधले हक्क आपल्याकडे वळते करून घेऊ शकतो. जुनं घर विकत घेताना मात्र एक विचारायचं असतं : ट्रस्टची किती वर्षं उरलीत? तीस वर्षांच्या जमान्यातले दस्त अजून कुणाकुणाच्या कपाटात निघतात.

‘हा नियम लवकरच उठणार आहे, आत्ताच घेऊन टाका’ असं एजंट म्हणाला असेल, तर ते कानाआड करा. एप्रिल २०१३ मध्ये मेक्सिकोच्या खालच्या सभागृहाने राहत्या घरांपुरती ही बंदी उठवण्याची घटनादुरुस्ती मंजूर केली होती. सिनेटमध्ये ती अडकली ती अडकलीच.

आता यात कोण काय असतं ते बघू. विकणारा जागा ट्रस्टमध्ये देतो. बँक विश्वस्त म्हणून ती धरते. तुम्ही दोघं लाभार्थी. त्याआधी बँकेला मेक्सिकोच्या परराष्ट्र मंत्रालयाकडून परवाना घ्यावा लागतो. बँकेला तुमच्या लेखी सूचनेशिवाय ते घर विकता येत नाही, गहाण ठेवता येत नाही, भाड्याने देता येत नाही. तुम्ही मात्र त्यात राहू शकता, स्वयंपाकघर पाडून मोठं करू शकता, भाड्याने देऊ शकता, विकू शकता, मुलांना देऊ शकता. किंमत वाढली तर वाढावा तुमचा. भाडेकरूला हे जमतं का, असं बाबांना विचारा.

बँक बुडाली तर? ट्रस्टमधल्या मालमत्ता बँकेच्या स्वतःच्या मालमत्तेत धरल्या जात नाहीत, त्यामुळे बँकेच्या धनकोंना तुमच्या फ्लॅटवर हात टाकता येत नाही. ट्रस्ट दुसऱ्या बँकेकडे जातो. बुडण्यापेक्षा विलीनीकरणाचा त्रास जास्त. बँकांचे ट्रस्ट विभाग या बँकेतून त्या बँकेत जातात, पत्रं जुन्या पत्त्यावर येत राहतात, वार्षिक फी थकते, तिच्यावर दंड चढतो आणि घर विकायला काढलं की सगळी थकबाकी एका दमात समोर येते. तुमचा ईमेल आणि पत्ता दरवर्षी बँकेकडून तपासून घ्या. काम कंटाळवाणं आहे, पण या व्यवस्थेत लोक ठेचकाळतात ते बहुतेक इथंच.

अमेरिकेतल्या करांच्या बाबतीत एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे. परदेशी ट्रस्ट म्हटलं की तिथल्या आयकर खात्याचे किचकट फॉर्म आणि जबर दंड अंगावर येतात. पण २०१३ मध्ये त्या खात्यानेच निर्णय दिला की मेक्सिकोतल्या या जमिनीच्या ट्रस्टमध्ये बँक निव्वळ नाव धरून बसली असेल, बाकी काही करत नसेल, तर करापुरता तो ट्रस्टच मानायचा नाही, घर थेट तुमचं धरायचं. मालक कोण हे तुमच्या बाबांना माझ्या तोंडून पटणार नाही, अमेरिकेच्या आयकर खात्याच्या तोंडून कदाचित पटेल. भाडं आलं तर ते मात्र अमेरिकेतल्या विवरणपत्रात दाखवायचं, मेक्सिकोतही त्यावर कर आहे. आणि तिकडे बँक खातं उघडलंत तर परदेशातल्या सगळ्या खात्यांची मिळून शिल्लक वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली तर ते वेगळं कळवायचं. भारतातली खातीही यात मोजायची, आणि ती तुम्ही आजवर कळवत आला असालच अशी आशा धरते.

या कागदपत्रांत आणखी एक मजेशीर कलम असतं. तुम्ही लिहून देता की या मालमत्तेपुरतं मी स्वतःला मेक्सिकन समजेन आणि भांडण झालं तर माझ्या देशाच्या सरकारला मध्ये आणणार नाही, आणलं तर हक्क जातील. एकोणिसाव्या शतकातले अर्जेंटिनाचे कायदेपंडित कार्लोस काल्वो यांच्या नावाने ते ओळखलं जातं. म्हणजे बिल्डरशी वाजलं तर मेक्सिकोच्या कोर्टात जायचं, भारताच्या वकिलातीकडे धावायचं नाही. तसंही धावून फार काही हाती लागलं असतं असं नाही.

खर्चाचं. बँकेची वार्षिक फी साधारण ५०० ते १,००० डॉलरच्या दरम्यान असते. ट्रस्ट करताना परवान्याचे आणि बँकेचे वेगळे पैसे, शिवाय खरेदीवरचा कर, मूल्यांकन, नोंदणी, दस्त करून देणाऱ्या नोतारिओची फी. सगळं मिळून किमतीच्या ५ ते ८ टक्के बाजूला ठेवा, म्हणजे तुमच्या फ्लॅटवर १३,००० ते २१,००० डॉलर. एजंटने हा आकडा सांगितलाय का? पत्रात तरी दिसला नाही. त्यावर इमारतीचा मासिक मेंटेनन्स. मालमत्ता कर, ज्याला तिथं ‘प्रेदिआल’ म्हणतात, तो कॅलिफोर्नियाच्या मानाने किरकोळ असतो.

आता सहकाऱ्याच्या भावाचं. इथं मी सौम्य बोलणार नाही. दुसऱ्याच्या नावावर घर घ्यायचं आणि आपसांत कागद करून ठेवायचा, याला आपल्याकडे बेनामी म्हणतात आणि १९८८ पासून त्यावर कायद्याने बंदी आहे. मेक्सिकोतही त्याला नाव आहे, ‘प्रेस्तानोम्ब्रे’, म्हणजे नाव उसनं देणारा. उसनं नाव परत मिळत नाही, हे सांगायला वकील कशाला हवा? घटनेतली बंदी चुकवण्यासाठी केलेला तो आपसातला कागद तिथलं कोर्ट तुमच्या बाजूने उभा करणार नाही, कारण तो दाखवणं म्हणजेच कायदा चुकवल्याची कबुली. भाऊ सज्जन असेल, मी नाही म्हणत नाही. पण त्याचा घटस्फोट झाला तर? त्याच्यावर कर्ज झालं, सावकाराने जप्ती आणली तर? तो उद्या गेला आणि वारस म्हणाले की हे बाबांचंच घर, तर? वर्षाला सातशे डॉलर वाचवण्यासाठी २,६०,००० डॉलर एका अनोळखी माणसाच्या संसाराच्या आरोग्यावर टांगायचे, असा हा हिशेब आहे. नवऱ्याला सांगा, सहकाऱ्याला धन्यवाद म्हणा, जेवायला बोलवा, आणि विषय तिथंच मिटवा.

आणि तो अर्ध्या किमतीचा प्लॉट. ‘बँकेची भानगडच नाही’ हे ऐकताच मला शंका आली ती एहीदोची. मेक्सिकन क्रांतीनंतर मोठ्या जमीनदारांच्या जमिनी गावसमूहांना सामायिक कसायला दिल्या गेल्या, त्यांना एहीदो म्हणतात. गावाचं गायरान आणि कुळाची जमीन यांच्या मधलं काहीतरी समजा. १९९२च्या दुरुस्तीनंतर अशी जमीन ठराव, मोजणी, नोंद असे टप्पे पार करून खासगी होऊ शकते, पण तोवर तिच्यावर ना तुमचा ट्रस्ट होऊ शकतो ना खरेदीखत. गावाच्या समितीचा शिक्का मारलेला एक कागद तेवढा हातात पडतो. बँक ‘नाही’ म्हणते म्हणून बँक नसते, आणि तेच सोय म्हणून विकलं जातं.

तुमच्यापासून दोनेक तासांच्या अंतरावर याची साक्ष आहे. एन्सेनादाजवळ पुंता बांदा नावाची भूशिर आहे. तिथं एहीदोकडून भाडेपट्ट्यावर जागा घेऊन अनेक अमेरिकी लोकांनी घरं बांधली, कित्येकांनी आयुष्याची पुंजी त्यात घातली. मेक्सिकोच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की ती जमीन मुळात एहीदोची नव्हतीच, खासगी मालकांची होती. ऑक्टोबर २००० मध्ये त्या लोकांना घरं सोडावी लागली. त्यांना फसवणारा परदेशी माणसाच्या वाईटावर टपलेला कुणी खलनायक असेलच असं नाही. देणाऱ्याला जे देण्याचा अधिकारच नव्हता, ते त्यांनी घेतलं होतं. तेव्हा प्लॉट सोडा. शिवाय किनाऱ्यालगत म्हणताय म्हणून : भरतीरेषेपासून आतला २० मीटरचा पट्टा सरकारी असतो, तो कुणालाच विकता येत नाही, वापरायचा तर परवाना घ्यावा लागतो. एजंटने पाण्यापर्यंत पावलं टाकून प्लॉट दाखवला असेल, तर त्यातली बरीच पावलं सरकारच्या जमिनीवरची होती.

आता त्या अर्धवट इमारतीकडे येते. तुम्ही ट्रस्टची काळजी करताय, मला बिल्डरची वाटते. कारण ट्रस्ट होतो तो दस्ताच्या दिवशी. तोवर तुमच्या हाती असतो फक्त करार, आणि पैसे असतात बिल्डरच्या हाती. महारेरात ग्राहकांच्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात, तशी पाठराखण तिथं गृहीत धरू नका. तुमच्याच रस्त्यावर, हद्दीलगतच्या तिहुआना शहराच्या दक्षिणेला, २००६ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांचं नाव लावून समुद्रकाठी आलिशान टॉवरांची जाहिरात झाली. बहुतेक खरेदीदार दक्षिण कॅलिफोर्नियातलेच, तुमच्यासारखे. तीन कोटी डॉलरहून जास्त अनामत गोळा झाली. २००९ मध्ये प्रकल्प बंद पडला, पैसे खर्च झाल्याचं कळलं, जमिनीत खड्डा तेवढा राहिला. मग उजेडात आलं की ट्रम्प हे बिल्डर नव्हतेच, नाव फक्त भाड्याने दिलेलं होतं. कोर्टकज्जे होऊन २०१३ मध्ये त्यांच्याशी तडजोड झाली. बाबांना ही गोष्ट जरूर सांगा. नाव दिसलं म्हणून निश्चिंत झालेल्या लोकांची आहे.

म्हणून बिल्डरला विचारायचं ते असं. ही जमीन कुणाच्या नावावर आहे आणि तिच्यावर बोजा आहे का, सार्वजनिक नोंदणी कार्यालयाचा ताजा दाखला दाखवा. इमारत कॉन्डोमिनियम म्हणून, म्हणजे प्रत्येक फ्लॅटची मालकी वेगळी अशी, नोंदली गेलीय का? ती नोंद झाल्याशिवाय तुमच्या एकट्या फ्लॅटचा ट्रस्ट होऊच शकत नाही, आणि अशा अडकलेल्या टॉवरमध्ये माणसं वर्षानुवर्षं चावी घेऊन, पण कागदाविना राहतात. तुमच्याशी केलेल्या कराराचा नमुना ग्राहक संरक्षण खात्याकडे, म्हणजे प्रोफेकोकडे, नोंदलेला आहे का? इसार बिल्डरच्या खात्यात न जाता तिऱ्हाइताच्या खात्यात राहील का? चारपैकी दोन उत्तरं ‘होईल, होईल’ अशी आली, तर तयार झालेला, दस्त झालेला, विकायला काढलेला जुना फ्लॅट बघा. थोडा महाग पडेल. पडू दे.

नोतारिओविषयी एक गैरसमज काढते. आपल्याकडे नोटरी म्हणजे कोर्टाबाहेर टेबल टाकून शिक्के मारणारे गृहस्थ. मेक्सिकोतला नोतारिओ पूब्लिको हा राज्य सरकारने नेमलेला अनुभवी वकील असतो. जमिनीचा इतिहास तपासणं, कर वसूल करून भरणं, दस्त नोंदवणं ही त्याचीच जबाबदारी. पण तो ना तुमचा वकील असतो ना विकणाऱ्याचा. नोतारिओ निवडण्याचा हक्क सहसा खरेदीदाराकडे असतो, तो एजंटच्या हवाली करू नका. आणि स्वतःचा वेगळा वकील करा, ज्याला एजंटने सुचवलेलं नाही असा. एजंटला तिथं अमेरिकेसारखी कडक परवाना पद्धत सगळीकडे लागू नाही, हेही ध्यानात असू द्या.

दस्ताच्या वेळी विकणारा हळूच म्हणेल, ‘किंमत कागदावर कमी दाखवू, तुमचाही कर वाचेल.’ हे वाक्य कुठं ऐकलंय ते पुणेकराला सांगायला नको. तिथंही काळं-पांढरं चालतं. वाचतो तो मुख्यतः विकणाऱ्याचा कर. तुम्ही जेव्हा विकाल, तेव्हा तुमची खरेदी कागदावर स्वस्तातली आणि म्हणून नफा फुगलेला दिसेल. अनिवासी विक्रेत्याला तिथं एकूण किमतीवर २५ टक्के किंवा हिशेब करून निव्वळ नफ्यावर ३५ टक्क्यांपर्यंत कर बसतो. कमी दाखवलेल्या प्रत्येक डॉलरवरचा कर तेव्हा तुमच्या खिशातून जाईल. पूर्ण किंमत लिहा, आणि दुरुस्तीची पक्की बिलं जपून ठेवा.

आता बाबांचे ४० लाख. रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली भारतातल्या माणसाला एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात, मुलीला भेट म्हणूनही. त्यामुळे मर्यादेचा प्रश्न नाही. वर्षातल्या पहिल्या १० लाखांनंतरच्या रकमेवर बँक २० टक्के कर आधी कापून घेते. एकाच वर्षात सगळे पाठवले तर ३० लाखांवर सहा लाख. ते बुडत नाहीत, विवरणपत्र भरून वळते होतात, पण तोवर अडकतात. दोन आर्थिक वर्षांत, मार्चमध्ये थोडे आणि एप्रिलमध्ये थोडे, असे पाठवले तर बोजा हलका होतो.

पण कागदावर त्यांचं नाव? माझं मत : नको. ते भारतातले रहिवासी. लाभार्थी झाले की दरवर्षी त्यांना विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचं परिशिष्ट भरावं लागेल, आणि विसरले तर २०१५च्या काळा पैसा कायद्याखाली १० लाख रुपयांचा दंड होऊ शकतो. पाटबंधारे खात्यातून स्वच्छ निवृत्त झालेल्या माणसाला सत्तरीत ही डोकेदुखी कशाला? त्यांनी पैसे भेट द्यावेत, साधं बक्षीसपत्र करावं आणि मोकळं व्हावं. (तुम्ही स्वतः कधी कायमच्या भारतात परतलात, तर अनिवासी असताना घेतलेलं हे घर ठेवायला परकीय चलन कायद्याची आडकाठी नाही. पण ते परिशिष्ट मग तुम्हाला भरावं लागेल, हे आत्ताच कुठंतरी टिपून ठेवा.)

बाबांची खरी काळजी वेगळी असावी असं मला वाटतं : उद्या काही बरंवाईट झालं तर हे घर कुणाचं? त्याची सोय ट्रस्टमध्येच आहे, आणि आपल्या सोसायटीतल्या नॉमिनीपेक्षा ती पक्की आहे. आपल्याकडे नॉमिनी हा वारसांसाठी सांभाळणारा. तिकडे ट्रस्टच्या दस्तात ‘पर्यायी लाभार्थी’ लिहिता येतो, आणि मूळ लाभार्थी गेल्यावर हक्क थेट त्याच्याकडे येतात, मेक्सिकोच्या कोर्टात वारसाहक्काची केस चालवावी लागत नाही. तुम्ही दोघं एकमेकांचे पर्यायी आणि त्यानंतर मुलं, असं लिहून घ्या. मुलांची नावं पासपोर्टवर आहेत तशीच लिहा, वडिलांचं नाव मध्ये घालायचं की नाही यावरून आपल्या लोकांचे कागद जगभर अडतात. भारतातले जन्माचे, लग्नाचे दाखले लागतील, त्यांवर भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाचा अपॉस्टिल, म्हणजे परदेशात चालणारा शिक्का, आणि मान्यताप्राप्त अनुवादकाचं स्पॅनिश भाषांतर. हे काम बाबांना द्या. पुण्यात बसून करण्यासारखं आहे, आणि सरकारी कार्यालयात कुठल्या खिडकीवर काय बोलायचं हे त्यांच्याइतकं तुम्हाला येणार नाही.

घ्यावं की नाही, हे तुम्ही सरळ विचारलेलं नाही, तरी सांगते. गुंतवणूक म्हणून घेत असाल तर मी उत्साह दाखवणार नाही. दर शनिवार-रविवारी जाऊन राहायचं म्हणून घेत असाल, तर आधी तीन महिने तिथंच भाड्याने घर घ्या. रविवारी संध्याकाळी हद्दीवरच्या सान इसिद्रो नाक्याच्या रांगेत गाडीत बसून परत या, मागे मुलं कुरकुरताहेत, सोमवारी शाळा आहे, अशी सहा-सात वेळा. आणि पुढेमागे कायमचं तिकडेच राहायचा बेत असेल, तर घर घेतल्याने मेक्सिकोत राहायचा हक्क आपोआप मिळत नाही आणि फार काळ बाहेर राहिलात तर अमेरिकेचं ग्रीन कार्ड धोक्यात येतं, हे दोन्ही एकदा वकिलाकडून समजून घ्या.

बिल्डरकडून दाखला आणि कराराचा मसुदा मिळाला, तर इसार देण्याआधी मला पुन्हा लिहा. इसार दिल्यावर नको.